हवा जाते तिथवर: श्वासावाटे द्यायच्या नॅनोकणांच्या प्रकल्पाच्या नोंदी

६ जानेवारी २०२५

प्रकल्पाला आज औपचारिक सुरुवात झाली, म्हणून उद्दिष्ट पहिल्याच पानावर लिहून ठेवतो. पॅक्लिटॅक्सेल हे कर्करोगावरचे जुने औषध पीएलजीए या शरीरात हळूहळू विरघळून जाणाऱ्या पॉलिमरच्या नॅनोकणांत भरायचे, त्या कणांपासून श्वासावाटे ओढता येईल अशी कोरडी भुकटी करायची आणि ती फुप्फुसात कुठवर व किती पोहोचू शकते हे मोजायचे. रुग्णांवरील चाचणी किंवा प्राण्यांवरील प्रयोग या प्रकल्पात नाहीत. यंत्रे, पेशी आणि नळ्या एवढ्यावरच काम आहे.

या कामाची गरज सांगायला फार शब्द लागत नाहीत. २०२२ च्या जागतिक आकडेवारीनुसार फुप्फुसाच्या कर्करोगाचे वर्षाला सुमारे २५ लाख नवे रुग्ण आढळतात आणि सुमारे १८ लाख जणांचा मृत्यू होतो. दोन्ही बाबतींत हा कर्करोग पहिल्या क्रमांकावर आहे. शिरेतून दिलेले औषध आधी सगळ्या शरीरात फिरते आणि मग त्यातला थोडा वाटा गाठीपर्यंत येतो. आधीच्या दशकभरातील प्राण्यांवरील प्रयोग एकत्र करून २०१६ मध्ये एक आढावा प्रसिद्ध झाला होता. शिरेतून दिलेल्या नॅनोकणांच्या मात्रेपैकी गाठीत पोहोचणारा वाटा त्यात मध्यक मूल्याने अवघा ०.७ टक्के भरला. हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा माझा सरळ प्रश्न होता की फुप्फुसाला बाहेरून थेट वाट असताना रक्तातून एवढा वळसा का घालायचा. मार्गदर्शक मॅडमनी त्यावर एवढेच म्हटले, ‘‘वाट आहे, पण तिला तेवीस फाटे आहेत. ते आधी मोजून या.’’

१४ जानेवारी

फाटे मोजले. १९६३ मध्ये एवाल्ड वायबेल यांनी मांडलेल्या प्रतिकृतीत मुख्य श्वासनलिकेपासून वायुकोशांपर्यंत नलिका तेवीस वेळा दुभागते. प्रत्येक फाट्यागणिक नलिका अरुंद होतात, पण त्यांची संख्या दुपटीने वाढत असल्यामुळे एकूण छेदक्षेत्र वाढत जाते आणि हवेचा वेग मंदावतो. घशात सुसाट असलेली हवा वायुकोशांच्या तोंडाशी जवळजवळ थांबलेली असते, आणि कण कुठे बसणार हे त्यावरच ठरते. मोठा आणि वेगवान कण वळणावर वळू न शकल्याने भिंतीवर आदळतो, मध्यम कण संथ हवेत वजनाने खाली बसतो आणि अगदी बारीक कण हवेच्या रेणूंच्या धक्क्यांनी भरकटत भिंतीला लागतो.

आमच्या प्रकल्पाची पहिली अडचण याच हिशेबात आहे. पाच मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) मोठा कण बहुधा घशातच अडतो. एक ते पाच मायक्रॉनचा कण खोल जातो. अर्ध्या मायक्रॉनच्या आसपासचा कण मात्र आदळण्याइतका जड नसतो आणि भरकटण्याइतका हलकाही नसतो. तो आत जातो आणि त्याचा बराचसा भाग पुढच्या उच्छ्वासाबरोबर परत येतो. आमचा नॅनोकण २०० नॅनोमीटरचा, म्हणजे एक पंचमांश मायक्रॉनचा ठरला आहे. तो सुटा हवेत सोडला तर त्यातला मोठा वाटा खोलीच्या हवेत परत येईल, आणि औषध पेशीनाशक असल्यामुळे हा प्रश्न नुसत्या वाया जाण्याचा राहत नाही. त्या खोलीतल्या परिचारिकेने तेच श्वासात घ्यायचे का, हा तो प्रश्न आहे.

यावरचा उपाय आमचा नाही, दोन दशकांपासून माहीत असलेला आहे. नॅनोकण एखाद्या साखरेच्या मोठ्या कणात कोंबायचे; मोठा कण हवेतून प्रवास करतो, ओलसर अस्तरावर बसला की साखर विरघळते आणि आतले नॅनोकण मोकळे होतात. हिशेब करून पाहिला. तीन मायक्रॉनच्या गोळ्याचा व्यास आमच्या कणाच्या पंधरा पट आहे, म्हणजे घनफळ ३,३७५ पट. त्यातला तीस टक्के भाग नॅनोकणांना दिला, तरी एका गोळ्यात साधारण हजार कण मावतात.

२७ जानेवारी

नॅनोकण करायची रीत निश्चित झाली. पॉलिमर ॲसिटोनमध्ये विरघळवायचा, ते द्रावण ढवळत्या पाण्यात बारीक धारेने सोडायचे आणि ॲसिटोन पाण्यात पसरताच पॉलिमर जागीच कणरूपाने साकळतो. काचेच्या पात्रात धार पडते तिथे क्षणात दुधाळ निळसर छटा येते. ही छटा निळसर असली तर कण बारीक असतात आणि पांढरी पडली तर बिघडले आहेत असे समजावे, असे आमचे तंत्रज्ञ सांगतात आणि मोजमाप करणारे उपकरण बहुतेक वेळा त्यांच्याशी सहमत होते.

डायक्लोरोमिथेनऐवजी ॲसिटोन घेण्याचे कारण सोयीपेक्षा सुरक्षिततेचे आहे. औषधातील उरल्यासुरल्या द्रावकांच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक मर्यादेत ॲसिटोनला दहा लाखांत ५,००० भागांपर्यंत मुभा आहे, डायक्लोरोमिथेनला केवळ ६००. सुरुवातीचे सर्व प्रयोग औषधाशिवाय, कुमारिन-६ हा हिरवा चमकणारा रंग भरून करायचे ठरले. भुकटी उडवायची सवय नसलेल्या हातांनी पहिल्याच दिवशी पॅक्लिटॅक्सेल उडवू नये, हे मॅडमचे म्हणणे सर्वांनी मान्य केले.

१० फेब्रुवारी

सलग तीन बॅचमध्ये कणांचा सरासरी व्यास १९० नॅनोमीटरच्या जवळपास मिळाला आणि विस्तारही कमी आहे. एक सूचना स्वतःसाठी: प्रकाश विखुरण्यावर चालणाऱ्या या मोजमापात बारीक कणाची चमक व्यासाच्या सहाव्या घाताने वाढते, त्यामुळे चार मोठे गोळे असले तरी ते हजारो लहान कणांना झाकोळून टाकतात. आकडा विचित्र आला तर आधी नमुन्यात धूळ आहे का ते पाहावे.

२४ फेब्रुवारी

आज भुकटी केली आणि ती पूर्णपणे फसली. नॅनोकणांचे पाणी आणि लॅक्टोज ही साखर एकत्र करून स्प्रे ड्रायरमधून, म्हणजे द्रवाचे थेंब गरम हवेत सुकवणाऱ्या यंत्रातून, काढले. आत जाणारी हवा ११० अंशांवर आणि बाहेर पडणारी ६८ अंशांवर होती. हवेतून भुकटी वेगळी करणाऱ्या सायक्लोनच्या खालच्या बाटलीत छान पांढरीशुभ्र भुकटी जमली, उत्पन्नही चांगले होते, आणि तासभर आम्ही सगळे खुशीत होतो. मग चिमूटभर भुकटी पाण्यात टाकली. साखर विरघळली, पण निळसर छटा परत आली नाही. तळाशी बारीक रवाळ गाळ बसला. मोजले तर कण दीड मायक्रॉनच्या आसपास होते, म्हणजे नॅनोकण एकमेकांत वितळून ढेकळे झाली होती.

कारण शोधायला फार दूर जावे लागले नाही. पीएलजीए हा कडक काचेसारखा पदार्थ साधारण ४५ ते ५० अंशांना मऊ रबरी होतो, आणि ओला असेल तर त्याहूनही आधी. आम्ही त्याला ६८ अंशांच्या हवेत एकमेकांना चिकटून बसायला लावले. पुस्तकात हे वाचलेले होते, परीक्षेत लिहिलेलेही होते. यंत्राचे बटण फिरवताना मात्र आठवले नाही.

१२ मार्च

दोन आठवड्यांत तीन बदल केले. आत जाणारी हवा ७५ अंशांवर आणली, त्यामुळे बाहेर पडणारी ४४ अंशांवर राहते. लॅक्टोजच्या जागी ट्रेहॅलोज ही दुसरी साखर घेतली, कारण ती कोरडी असताना शंभर अंशांच्या वर जाईपर्यंत काचेसारखी घट्ट राहते आणि सुकताना नॅनोकणांना एकमेकांपासून वेगळे धरून ठेवते. तिसरा बदल म्हणजे ल्युसिन. हे अमिनो आम्ल पाण्यात फारसे विरघळत नाही आणि थेंबाच्या पृष्ठभागाकडे ओढले जाते. थेंब सुकू लागला की ते सर्वांत आधी बाहेरच्या बाजूला घन होते आणि कणावर सुरकुतलेली साल धरते. अशी खरबरीत साल असलेले कण एकमेकांना कमी ठिकाणी टेकतात, म्हणून कमी चिकटतात. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली हे कण अगदी वाळलेल्या मनुकांसारखे दिसले.

ट्रेहॅलोजऐवजी वाहक म्हणून मॅनिटॉलही विचारात होते. त्यावर मात्र मॅडमनी एक आठवण करून दिली: मॅनिटॉलची भुकटी श्वासात देऊन श्वासनलिका आकुंचन पावतात का हे पाहणे, ही दम्याच्या निदानाची मान्यताप्राप्त चाचणी आहे. आधीच खोकणाऱ्या रुग्णाला खोकला आणणारा वाहक देणे शहाणपणाचे नव्हे. मॅनिटॉल बाजूला ठेवले.

पाण्यात परत सोडल्यावरचा व्यास आणि मूळ व्यास यांचे गुणोत्तर आता १.१ आहे. निळसर छटाही परत आली.

२८ मार्च

आजची नोंद लांब होणार आहे, कारण आजच्या चुकीने महिनाभराचे आकडे बाद झाले.

भुकटी फुप्फुसात कुठवर जाईल याचा अंदाज घेण्यासाठी कॅस्केड इम्पॅक्टर वापरतात. हे उपकरण म्हणजे धातूच्या घशासारख्या वाकड्या नळीपुढे एकाखाली एक लावलेले टप्पे असतात. प्रत्येक टप्प्यावर छिद्रे आधीच्यापेक्षा बारीक आणि हवेचा झोत अधिक वेगवान होत जातो. मोठा कण पहिल्याच वळणावर ताटलीवर आदळतो, लहान कण वळून पुढच्या टप्प्यावर जातो. आमच्याकडील सात टप्प्यांच्या उपकरणात मिनिटाला ६० लिटर हवा ओढली असता पहिल्या टप्प्याची सीमा ८.०६ मायक्रॉन आहे, दुसऱ्याची ४.४६, आणि सातव्याची ०.३४. इनहेलरमध्ये कॅप्सूल टोचायची, पंप चार सेकंद चालवायचा म्हणजे चार लिटर हवा जाते, आणि मग प्रत्येक ताटली धुऊन त्यात किती रंग आला ते मोजायचे.

मार्चच्या सुरुवातीपासून आम्हाला पाच मायक्रॉनखालील वाटा ६८ टक्के मिळत होता. हा आकडा इतका चांगला होता की मी तो सहामाही अहवालाच्या कच्च्या मसुद्यातही टाकला होता. आज उपकरण स्वच्छ करताना तंत्रज्ञांनी ताटल्या हातात घेऊन विचारले की यांना लेप कोणी लावला होता. लेप कोणीच लावला नव्हता. कोरड्या चकचकीत धातूवर कोरडा कण आदळला तर तो चिकटत नाही, उसळतो, आणि हवेबरोबर खालच्या टप्प्यांवर जातो. मग चार मायक्रॉनचा कण दोन मायक्रॉनच्या खात्यात जमा होतो. ल्युसिनच्या सालीमुळे न चिकटणारी भुकटी केल्याचा आम्हाला अभिमान होता, आणि नेमका तोच गुण इथे फसवत होता.

ताटल्यांना सिलिकॉन तेलाचा पातळ थर देऊन तोच नमुना तीन वेळा चालवला. पाच मायक्रॉनखालील वाटा ४९, ४७ आणि ५० टक्के आला. घसा आणि त्यापुढील भागात मिळून तीस टक्क्यांच्या वर भुकटी अडकली. मसुद्यातला आकडा खोडला. सहकारी म्हणाली की ६८ वरून ४९ हा तोटा वाटतो. माझ्या मते मुळात नव्हतेच ते १९ टक्के गेले.

१५ एप्रिल

आज दिवसभर यंत्राला हात लावला नाही, फक्त मात्रेचा हिशेब केला. एका कॅप्सूलमध्ये २० मिलिग्रॅम भुकटी. त्यातले तीस टक्के नॅनोकण, म्हणजे ६ मिलिग्रॅम. नॅनोकणात औषध पाच टक्के, म्हणजे ०.३ मिलिग्रॅम. त्यातले निम्मे खोल पोहोचले तर ०.१५ मिलिग्रॅम. शिरेतून पॅक्लिटॅक्सेल देण्याची एक प्रचलित मात्रा दर तीन आठवड्यांनी शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला १७५ मिलिग्रॅम आहे. मध्यम बांध्याच्या माणसाला ती ३०० मिलिग्रॅमच्या घरात जाते. आमची कॅप्सूल तिच्या हजाराव्या भागाएवढी आहे. हे आकडे शेजारी शेजारी लिहिल्यावर क्षणभर वही मिटून टाकावीशी वाटली.

पण हिशेब तिथेच सोडणे बरोबर नाही. रक्तासह दोन्ही फुप्फुसांचे वजन सुमारे एक किलोग्रॅम धरले तर ०.१५ मिलिग्रॅम म्हणजे दर ग्रॅमला ०.१५ मायक्रोग्रॅम. पॅक्लिटॅक्सेलचा रेणुभार ८५४ आहे, त्यावरून ही तीव्रता साधारण १७५ नॅनोमोलर होते. पेशींच्या तबकडीत हे औषध काही नॅनोमोलरलाच पेशीविभाजन रोखते. त्यामुळे कागदावर मात्रा पुरेशी दिसते, अर्थात औषध समप्रमाणात पसरले तर. ते तसे पसरणार नाही आणि बरेचसे ऊतकाला बांधलेल्या स्थितीत राहील, हे दोन्ही मला ठाऊक आहे. ‘सरासरी’ या शब्दाखाली काय काय दडते ते पुढे पाहायचेच आहे.

आधीच्यांचा अनुभवही आज एकत्र लिहून काढला. २००४ मध्ये कॅम्प्टोथेसिन गटातील कर्करोगावरच्या औषधाचे लिपोसोम, म्हणजे चरबीच्या सूक्ष्म पिशव्या, श्वासातून देण्याच्या पहिल्या टप्प्यातील चाचणीचा अहवाल आला. तिथे मात्रा वाढवण्याला मर्यादा घातली ती घशाच्या दाहाने. २००७ मध्ये डॉक्सोरुबिसिन आणि लिपिडमधील सिस्प्लॅटिन यांचे असेच अहवाल प्रसिद्ध झाले. म्हणजे कल्पना माणसांपर्यंत पोहोचून वीस वर्षे झाली, तरी कर्करोगासाठी ती नित्याचा उपचार झालेली नाही. दुसरीकडे ॲमिकासिन या प्रतिजैविकाचे सुमारे ३०० नॅनोमीटरचे लिपोसोम, एरिकेस या नावाने, हट्टी जिवाणूजन्य फुप्फुसविकारासाठी २०१८ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले. ते औषध दिवसातून एकदा, ८.४ मिलिलिटर द्रवातून ५९० मिलिग्रॅम एवढे दिले जाते. तेव्हा वाहक चालतो. पेशीनाशक औषध घशात पडले की अडते. आमच्या इम्पॅक्टरमधील घशाचे ते तीस टक्के यापुढे केवळ वाया गेलेला भाग म्हणून लिहायचे नाहीत, धोक्याचा भाग म्हणून लिहायचे.

६ मे

पेशींवरील काम सहकारी पाहते. ए५४९ ही पेशीमालिका १९७२ पासून जगभर वापरात आहे. ती एका ५८ वर्षांच्या पुरुषाच्या फुप्फुसातील गाठीतून आली. तबकडीत रंगीत नॅनोकण टाकल्यावर अर्ध्या तासात पेशी आतून हिरव्या चमकू लागल्या, आणि छायाचित्र एवढे सुंदर होते की ते आम्ही भिंतीवर लावले होते.

सहकारीला मात्र वेगाचा संशय आला. तिने चार अंशांवर, म्हणजे पेशी कण गिळूच शकत नाहीत अशा थंडीत, तोच प्रयोग केला. पेशी तरीही चमकल्या. याचा सरळ अर्थ असा की कण आत गेलेच नव्हते. तेलकट रंग कणातून निसटून थेट पेशीच्या चरबीच्या आवरणात जात होता. छायाचित्र भिंतीवरून काढले. आता पॉलिमरलाच रासायनिक बंधाने जोडलेला रंग मागवला आहे. कोरड्या मोजमापांत, म्हणजे इम्पॅक्टरमध्ये किंवा नळ्यांत, जुना रंग चालेल, कारण तिथे निसटायला माध्यमच नाही.

३ जून

बांधलेला रंग आला आणि चित्र अपेक्षेप्रमाणे संथ झाले: चार अंशांवर काहीच नाही, सदतीस अंशांवर दोन ते चार तासांत आत ठिपके दिसू लागतात. यावर जास्त लिहिण्यासारखे नाही.

श्लेष्म्याचे तसे नाही. मोठ्या श्वासनलिकांवर श्लेष्म्याचा थर असतो आणि खालचे सूक्ष्म रोम तो मिनिटाला काही मिलिमीटर या गतीने घशाकडे ढकलत राहतात. कण त्या थरात अडकला तर काही तासांत तो गिळला जाणार. त्याआधी त्याला थरातून खाली उतरायचे आहे. श्लेष्मा म्हणजे चिकट धाग्यांची जाळी. कण जाळीच्या भोकाहून मोठा असला तर अडतो आणि लहान असूनही धाग्यांना चिकटणारा असला तरी अडतो. कणावर पॉलिइथिलीन ग्लायकॉलचे आखूड धागे दाट लावले तर तो चिकटत नाही, आणि २००७ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील गटाने असे लेपलेले २०० आणि ५०० नॅनोमीटरचे कण मानवी श्लेष्म्यातून झपाट्याने जाताना दाखवले. आम्ही हा लेप देऊन पाहिला. डुकराच्या जठरातील म्युसिनपासून, म्हणजे श्लेष्म्यातल्या धागेदार प्रथिनापासून, केलेल्या कृत्रिम थरातून लेपलेले कण लक्षणीय अधिक संख्येने खाली उतरले. कृत्रिम थर आजारी माणसाच्या घट्ट कफासारखा नसतो, त्यामुळे या निकालावर मी फार भिस्त ठेवत नाही.

वायुकोशांत रोम नाहीत, पण तिथे भक्षकपेशी आहेत आणि त्यांना एक ते पाच मायक्रॉनचा कण आवडीने गिळता येतो. साखर लवकर विरघळली पाहिजे याचे हे आणखी एक कारण. म्हणजे एकाच कणाकडून हवेत तीन मायक्रॉन, कफात दोनशे नॅनोमीटर आणि गाठीत पोहोचल्यावर सुटे रेणू, अशी तीन रूपे अपेक्षित आहेत, आणि प्रत्येक रूप योग्य जागी बदलले पाहिजे.

१ जुलै

आर्द्रता काढणारे यंत्र शनिवारी रात्री बंद पडले आणि ते सोमवारी सकाळी कळले. उघड्या ट्रेमधील भुकटी बोटाने दाबली तर ओल्या वाळूसारखी गोळा होत होती. ट्रेहॅलोजने हवेतले पाणी पिऊन रूप बदलले होते. झाकणबंद बाटलीतील कॅप्सूल बचावल्या. त्या साध्या जिलेटिनऐवजी हायप्रोमेलोजच्या (सेल्युलोजपासून केलेल्या पदार्थाच्या) घेतल्या होत्या, ज्यांत मुळातच पाणी चार ते सहा टक्के असते, जिलेटिनमध्ये ते तेरा ते सोळा टक्के असते. यापुढे भुकटी बाटलीबंद केल्याशिवाय कोणी घरी जाणार नाही.

२९ जुलै

एप्रिलमध्ये ‘सरासरी’ या शब्दापाशी थांबलो होतो, तो प्रश्न आज हातात आला. शेजारच्या अभियांत्रिकी गटाने पारदर्शक प्लास्टिकची सहा फाट्यांपर्यंतची श्वासनलिकेची प्रतिकृती करून दिली. एका बाजूच्या एका शाखेत आम्ही मेणाचा गोळा बसवून ती शाखा साधारण अर्धी अरुंद केली आणि दुसऱ्या बाजूची तशीच एक शाखा पूर्ण बंद केली. गाठ श्वासनलिकेत वाढते तेव्हा या दोन्ही गोष्टी होतात. मग रंगीत भुकटीच्या पाच कॅप्सूल ओढल्या, प्रतिकृती उभी कापली आणि खोलीतले दिवे घालवून निळ्या दिव्याखाली पाहिली.

प्रत्येक दुभागणीच्या टोकावर, जिथे हवा दोन वाटांना फुटते, तिथे हिरवा ठसा सर्वांत गडद होता, नखाने खरवडावा इतका. नलिकांच्या सरळ भिंतींवर पुसट धूसर छटा. अर्धवट अरुंद शाखेत मेणाच्या वरच्या अंगावर, म्हणजे हवा येऊन थडकते त्या बाजूला, चंद्रकोरीसारखा झळाळता पट्टा होता. मेणाच्या खालच्या अंगाला मात्र फारच थोडे होते. पूर्ण बंद केलेल्या शाखेत मेणापासून दोन सेंटिमीटर वरच हिरवा रंग विरळ होत गेला होता आणि मेणावर काहीच नव्हते. दिवे लावल्यावरही आम्ही थोडा वेळ त्या काळ्या तुकड्याकडे पाहत उभे होतो.

हे आधी कळायला हवे होते. भुकटी हवेच्या खांद्यावर बसून जाते. ज्या शाखेतून हवा पुढे वाहत नाही त्या शाखेत कणाचा आकार कितीही नेमका असला तरी तो पोहोचत नाही. नॅनोकणाच्या व्यासातल्या दहा-वीस नॅनोमीटरवर आम्ही सहा महिने घालवले आणि गाठीने वाट अडलेल्या माणसाचा श्वास कुठे जातो, हा प्रश्न सातव्या महिन्यात विचारला. त्यातही अरुंद पण उघड्या शाखेतला तो झळाळता पट्टा विसरता कामा नये. तिथे गाठीच्या दर्शनी भागावर सरासरीपेक्षा जास्त औषध पडते, आणि तेही फुकट मिळते.

११ ऑगस्ट

प्रयोग आणखी तीनदा केला, हवेचा वेग मिनिटाला ६० वरून ३० लिटरवर आणून. दमा किंवा दीर्घकालीन श्वासविकार असलेला रुग्ण जोराने ओढू शकत नाही, म्हणून हा वेग पाहणे आवश्यक होते. इनहेलरमधून भुकटी नीट सुटली नाही, कॅप्सूलमध्येच जवळपास एक तृतीयांश उरली; जी सुटली ती मात्र घशात कमी अडकली आणि अधिक खोल गेली. बंद शाखा चारही वेळा काळीच राहिली.

मॅडमबरोबर दीड तास बसलो. पुढील टप्प्याच्या प्रस्तावात ‘फुप्फुसाच्या कर्करोगासाठी’ हे शब्द मी लिहिले होते, ते त्यांनी पेन्सिलने कंसात टाकले आणि विचारले, ‘‘कोणत्या फुप्फुसाच्या?’’ बदललेला मजकूर असा ठरला: ज्या रुग्णाच्या गाठीकडे जाणारी वाट निदान अंशतः उघडी आहे किंवा जिथे श्वासनलिकेच्या अस्तरावर पसरलेले लहान ठिपके आहेत, अशांसाठी ही भुकटी शिरेतून दिल्या जाणाऱ्या उपचाराला जोड म्हणून अभ्यासावी; बंद पडलेल्या भागासाठी तिचा दावा करू नये. हवेचे वितरण दाखवणारी चित्रतपासणी आधी करून मगच रुग्ण निवडावा, हे वाक्य सहकारीने जोडले.

माझ्याकडे तीन कामे आली आहेत. घशात अडकणारा वाटा तीस टक्क्यांवरून खाली आणण्यासाठी कणाची घनता कमी करून पाहायची. १९९७ मध्ये डेव्हिड एडवर्ड्स आणि सहकाऱ्यांनी दाखवलेली मोठ्या पण सच्छिद्र, प्रति घनसेंटिमीटर ०.४ ग्रॅमहून हलक्या कणांची वाट आम्ही अजून चोखाळलेली नाही. दहा मायक्रॉनचा कण ०.१ घनतेचा असला तर हवेला तो ३.२ मायक्रॉनचाच वाटतो, कारण हवेला दिसणारा व्यास घनतेच्या वर्गमुळाने बदलतो. दुसरे काम म्हणजे ३० लिटरच्या वेगालाही कॅप्सूल पूर्ण रिकामी होईल असा इनहेलर शोधणे. तिसरे म्हणजे मेणाचा गोळा पाव, अर्धा आणि पाऊण अशा तीन मापांत बसवून झळाळता पट्टा कुठे संपतो ते मिलिमीटरमध्ये मोजणे. मेणाचे साचे उद्या सकाळी ओतायचे आहेत. ट्रेहॅलोजच्या दोन बाटल्या झाकण घट्ट लावून सुक्या कपाटात ठेवल्या आहेत.